पुणे–नागपूर विमानप्रवास: अंतर, वेळ आणि त्यामागचं गणित – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी, वाकड, खराडी या पट्ट्यात विदर्भातून आलेली माणसं काही कमी नाहीत. दिवाळी जवळ आली की तिकिटांची शोधाशोध सुरू होते आणि तिच्यासोबत हे प्रश्नही. खालची उत्तरं पुण्यात राहून नागपूरला जाणाऱ्यांसाठी आहेत. उलट बाजूने येणाऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.

पुणे ते नागपूर हवाई अंतर नेमकं किती?

लोहगाव विमानतळापासून सोनेगाव विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे ६०५ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत ३२७ नॉटिकल मैल, कारण एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. साध्या मैलात सांगायचं तर ३७६.

काही ठिकाणी हेच अंतर ६२० किलोमीटर लिहिलेलं असतं. बरोबर कोणतं?

दोन्ही. शनिवारवाडा ते झिरो माइल असं शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की ६२० च्या आसपास आकडा येतो. विमानतळ ते विमानतळ मोजलं की पंधराएक किलोमीटर कमी होतात. लोहगाव पुण्याच्या ईशान्येला आहे, म्हणजे नागपूरच्याच बाजूला. सोनेगाव नागपूरच्या नैर्ऋत्येला, वर्धा रोडवर, म्हणजे पुण्याच्या बाजूला. दोन्ही विमानतळ एकमेकांकडे तोंड करून बसलेत. तुम्ही कोथरूडहून निघणार असाल तर ही बचत तुमच्या पदरात पडत नाही हे वेगळं. ते किलोमीटर तुम्ही नगर रोडच्या सिग्नलवर आधीच फेडलेले असतात.

आणि विमान या रेषेवरूनच जातं का?

साधारण तिच्या आसपास. प्रत्यक्ष मार्ग ठरलेले हवाई रस्ते, हवामान आणि हवाई वाहतूक नियंत्रणाच्या सूचना यांवर ठरतो. शिवाय उडाल्यावर आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेला जुळवून घ्यावं लागतं. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर नकाशावरच्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच भरतं.

थेट विमानाला वेळ किती लागतो?

वेळापत्रकात सव्वा ते दीड तास दिसेल. त्यातला हवेतला वेळ साधारण एक तास. हे एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या जेट विमानांचं झालं. एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं. या अंतराला ते जेटपेक्षा साधारण अर्धा तास जास्त घेईल. म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघावा. तो बारीक अक्षरात असतो, पण असतो.

जेट ताशी आठशे किलोमीटरने जातं ना? मग ६०५ किलोमीटरला पाऊण तास पुरे. दीड तास कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा आपल्याला कोणी तरी फसवतंय असा सूर असतो. तसं काही नाही.

पहिली गोष्ट, तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. पुण्यात विमान आपल्या जागेवरून हलतं तिथपासून नागपुरात जागेवर येऊन थांबतं तिथपर्यंतचा सगळा काळ तिच्यात धरलेला असतो. विमान मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, आपला नंबर लागेपर्यंत थांबणं, पलीकडे उतरल्यावर पुन्हा रांगत येणं. यात वीसेक मिनिटं सहज जातात आणि या वीस मिनिटांत नागपूर तसूभरही जवळ येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तो आठशेचा वेग. तो उंचावर, पातळ हवेत गाठता येतो. दहा हजार फुटांच्या खाली विमानाला साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. लोहगावहून उडून तीस-पस्तीस हजार फुटांवर पोहोचायला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात दोनशेच्या आसपास किलोमीटर मागे पडतात. उतरण्याचा हिशेबही असाच. दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल हा वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे. पस्तीस हजार फुटांवरून खाली यायला सुमारे १०५ नॉटिकल मैल, म्हणजे १९५ किलोमीटर आधी सुरुवात करावी लागते.

आता वजाबाकी करा. ६०५ मधून चढण गेली, उतरण गेली. पूर्ण वेगाने सपाट उडायला उरले जेमतेम दोनशे किलोमीटर, म्हणजे पंधरा मिनिटं. चहाची गाडी तुमच्या रांगेपर्यंत येते न येते तोच पट्टे बांधायची घोषणा होते, ती यामुळेच.

घरच्या घरी अंदाज काढायचा असेल तर किलोमीटरला आठशेने भागा आणि येणाऱ्या उत्तरात अर्धा तास मिळवा. ६०५ ला भागल्यावर पाऊण तास येतो, अर्धा तास मिळवला की सव्वा तास. वर कंपनी थोडी सूट स्वतःसाठी ठेवते, की झाले दीड.

कंपनी सूट का ठेवते? विमान कधी कधी पंधरा-वीस मिनिटं आधीच पोहोचतं.

ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान आकडेवारीत वेळेवर धरलं जातं. वेळापत्रक सैल ठेवलं तर आकडेवारी चांगली दिसते, हा एक भाग. दुसरा भाग प्रवाशांच्या सोयीचा आहे. तेच विमान दिवसभर चार-पाच शहरांना फिरत असतं, त्यामुळे सकाळच्या फेरीत दहा मिनिटं हुकली की संध्याकाळपर्यंत त्याचा तासभर होतो. सैल वेळापत्रक ती साखळी मध्येच थोपवतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात लख्ख ऊन असतानाही नागपूरचं विमान उशिरा का सुटतं, याचं उत्तरही इथंच आहे: ते विमान दिल्लीहून यायचं असतं आणि दिल्लीत धुकं असतं. सकाळच्या पहिल्या विमानाचं तिकीट काढणारे पहाटे उठतात खरे, पण बहुतेकदा वेळेवर पोहोचतातही तेच, कारण त्यांचं विमान रात्रीच येऊन मुक्कामाला असतं.

जाताना आणि येताना लागणारा वेळ वेगळा का दाखवतात?

वाऱ्यामुळे. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे नागपूरला जाताना पाठीमागून आणि परतताना समोरून. पावसाळ्यात महाराष्ट्रावर उलटं चित्र असतं. जमिनीलगत नैर्ऋत्य मोसमी वारे असले तरी विमानाच्या उंचीवर वारे पूर्वेकडून येतात. तेव्हा पुण्याला येणारं विमान जरा फायद्यात असतं.

फरक किती? ताशी साठ किलोमीटरचा वारा सगळा वेळ पाठीशी राहिला तर ६०५ किलोमीटरला ४२ मिनिटं, तोच समोरून आला तर ४९. म्हणजे अगदी ताणून सात मिनिटं. अमेरिकेच्या प्रवासात हाच वारा तासाचा फरक पाडतो. पुणे-नागपूरला तो गप्पांचा विषय आहे, तिकीट निवडण्याचा नाही.

नागपूर पूर्वेला, मग विमान उडाल्यावर आधी पश्चिमेला का जातं?

विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं, कारण समोरून वारा असला की कमी धावेत उचललं जातं. लोहगावची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असेल तर विमान कळस-दापोडीच्या बाजूला तोंड करून उडतं आणि मग वळसा घेऊन नगरच्या दिशेला लागतं. यात चार-पाच मिनिटं जास्त जातात. वारा पूर्वेचा असला की सरळ नागपूरचा रस्ता.

पुण्याहून विमानं अजून का वाढवत नाहीत?

लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे. १९३९ साली ब्रिटिशांनी तो उभारला. नागरी विमानतळ हा तिथला भाडेकरू. धावपट्टी एकच, २,५३५ मीटरची, आणि तिच्यावर लढाऊ विमानांचा सराव आधी, आपण नंतर. प्रवासी विमानांना ठरावीक वेळाच मिळतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी दोन आठवडे विमानतळ पूर्ण बंद होता, तेव्हा दुसरी धावपट्टी नसणं म्हणजे काय ते सगळ्या शहराला कळलं. जुलै २०२४ पासून नवीन टर्मिनल सुरू झालं, त्यामुळे आत बसायला ऐसपैस जागा झाली. धावपट्टी मात्र तेवढीच राहिली.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. रिक्षावाल्याला मात्र अजून ‘एअरपोर्ट’ किंवा ‘लोहगाव’च सांगावं लागतं. आणि हो, हवाई दलाचा तळ असल्याने धावपट्टीचे, उभ्या विमानांचे फोटो काढायला मनाई आहे. रील नागपूरला उतरल्यावर करा.

खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

नागपूरला जाताना डावी, म्हणजे ‘ए’. सरळ रेषा नगरच्या जवळून निघते, गोदावरी ओलांडते, जवळजवळ वाशिमच्या डोक्यावरून जाते आणि वर्ध्याच्या थोडी उत्तरेकडून नागपुरात शिरते. लोणारचं सरोवर या रेषेच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर पडतं. उल्कापाताने झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. आकाश स्वच्छ असलं आणि मार्ग फार वाकडा नसला तर साधारण अर्ध्या वाटेवर ते हिरवट नाण्याएवढं दिसू शकतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर यासाठी उत्तम. मे महिन्यात धुरकट हवेत काही दिसत नाही आणि पावसाळ्यात खाली नुसता कापूस.

डाव्या बाजूचा दुसरा फायदा असा की सकाळच्या विमानात ऊन उजवीकडच्यांच्या तोंडावर येतं. परतताना लोणार उजवीकडे, म्हणजे तेव्हा ‘एफ’.

उन्हाळ्यात या प्रवासात हादरे जास्त बसतात, हे खरं का?

दुपारी बसतात. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट वर येतात आणि खालच्या काही हजार फुटांत विमान उसळ्या घेतं. सोनेगावला उतरतानाची शेवटची दहा मिनिटं मे महिन्यात विशेष जाणवतात. त्यात धोका नाही, पोटात मात्र गोळा येतो. ज्यांना त्रास होतो त्यांनी सकाळचं विमान घ्यावं आणि पंखांच्या वरची जागा मागावी, तिथे हलणं सगळ्यात कमी.

पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की हवा पातळ होते आणि विमानाला उचलायला जास्त धाव लागते. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची आहे आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून फक्त ३१५ मीटर उंच, त्यामुळे तिथे निभावून जातं. लोहगाव ५९२ मीटरवर आहे आणि धावपट्टी आखूड. पुण्यात नागपूरइतका उन्हाळा नसतो हे त्या धावपट्टीचं नशीब.

घरातून निघून घरी पोहोचेपर्यंत एकूण किती वेळ धरावा?

पाच तास. हा आकडा वाचून बरेच जण नाराज होतात, पण करून बघा. कोथरूड किंवा सिंहगड रोडहून विमानतळाला तास. तिथे दीड-दोन तास आधी पोहोचायचं, कारण देशांतर्गत विमानांची सामानाची खिडकी सहसा तासभर आधी बंद होते आणि गेट पंचवीस मिनिटं आधी. मग सव्वा-दीड तास विमान. पट्ट्यावरून बॅग यायला वीस मिनिटं, नागपुरात घर गाठायला अर्धा तास. हिंजवडीहून निघणाऱ्यांनी, विशेषतः शुक्रवारी संध्याकाळी, अजून तास जोडावा. या सगळ्यात जमीन सुटलेली असते ती जेमतेम तासभर.

वेळ वाचवायचा तर विमानात वाचत नाही, जमिनीवर वाचतो. सामान फक्त हातातलं ठेवलं आणि बोर्डिंग पास आधीच काढला तर तिथे अर्धा-पाऊण तास सुटतो. लोहगावला मार्च २०२३ पासून डिजियात्रा आहे, चेहरा दाखवून आत जाता येतं. वनाजहून रामवाडीपर्यंत मेट्रो आहे, तिथून रिक्षाने विमानतळ जवळ. पाठीवर एकच पिशवी असेल तर संध्याकाळच्या कोंडीत हा मार्ग टॅक्सीला मागे टाकतो. दोन मोठ्या बॅगा आणि लेकरं सोबत असतील तर टॅक्सीच बरी.

एवढाच वेळ जातो तर रेल्वे किंवा गाडी परवडत नाही का?

तुलना करू. रेल्वेमार्ग ८८१ किलोमीटर, म्हणजे हवाई अंतराच्या जवळजवळ दीडपट. कारण गाडी आधी दौंडवरून उत्तरेला नगर, मनमाड करत जाते आणि मग भुसावळवरून पूर्वेला वळते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारत हे अंतर बारा तासांत काटते. बाकीच्या गाड्यांना त्याहून जास्त लागतात, पण त्यातल्या काही रात्रीच्या आहेत आणि झोपेत गेलेला वेळ कोणी मोजत नाही. आरक्षण मिळालं तर.

रस्त्याने अंतर सुमारे सातशे किलोमीटर. पूर्वी ही अख्खी रात्र खाणारी वाट होती. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि पुणेकरांना संभाजीनगरजवळ त्याला लागता येऊ लागलं. आता नऊ-दहा तासांत होतं. खरा कस पुणे ते संभाजीनगर या पहिल्या तुकड्यात लागतो. समृद्धीवर गाड्यांना ताशी १२० ची मर्यादा आहे. सरळसोट रस्त्यावर डोळा लागतो, तेव्हा एकट्याने रात्री चालवू नये.

चौघं असाल तर गाडी स्वस्त. एकटे असाल आणि महिनाभर आधी तिकीट काढलं असेल तर विमान. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सगळंच महाग, ट्रॅव्हल्सच्या बससुद्धा.

थेट विमान नाही मिळालं तर दुसऱ्या शहरातून जावं का?

दिल्ली, हैदराबाद किंवा बंगळुरूवरून जोडतिकिटं दिसतात. त्यांत निम्मा दिवस जातो आणि नागपूरला जायला दिल्ली गाठणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे, पण आधी द्रुतगती मार्गाने मुंबई गाठायला तीन-चार तास घालवायचे. तिकिटात मोठा फरक असेल तरच हा खटाटोप करावा.

गंमत म्हणजे एके काळी नागपूर हेच सगळ्यांचं जोडठिकाण होतं. १९४९ साली रात्रीची विमान टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत परत जायची. देशाच्या मध्यावर असल्याचा इतका रोकडा फायदा नागपूरला नंतर क्वचितच मिळाला.

मला नागपूर नाही, वर्धा / चंद्रपूर / वाशिम / अमरावतीला जायचंय. विमान सोयीचं आहे का?

वर्ध्याला नक्कीच. सोनेगाव वर्धा रोडवरच असल्याने शहरात शिरावं लागत नाही आणि पुढे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. चंद्रपूरलाही परवडतं. यवतमाळच्या मंडळींनी सामान आणि वेळ बघून ठरवावं.

वाशिमकरांची मात्र खरी थट्टा आहे. विमान त्यांच्या गावावरून जातं आणि सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटर पुढे नेऊन सोडतं. तिथून उलट यायचं. त्यांना रस्ताच बरा. अकोल्याला वंदे भारत थांबते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. वंदे भारतचा बडनेरा थांबा अमरावतीला लागूनच आहे, त्यामुळे पुण्याहून जाणाऱ्याला तीच जास्त उपयोगाची.

नागपूर विमानतळावरून शहरात कसं जायचं?

मेट्रो. वर्धा रोडवरच्या मार्गिकेवर एअरपोर्ट नावाचं स्थानक आहे, तिथून थेट सीताबर्डी. टर्मिनलपासून स्थानकापर्यंत मात्र रिक्षा करावी, उन्हाळ्यात चालायच्या भानगडीत पडू नये.

दोन्ही शहरांच्या वेळेत फरक आहे का?

घड्याळात नाही. उन्हात आहे. नागपूर पुण्याच्या पाच अंश पूर्वेला आहे आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथे सूर्य वीस मिनिटं आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात संध्याकाळच्या विमानाने गेलात तर पुण्यात उजेड आणि नागपुरात उतरताना गुडूप अंधार, त्यात या वीस मिनिटांचाही हात असतो.

पुरंदरचा विमानतळ झाला की अंतर बदलेल का?

हवाई अंतर जवळपास तेवढंच राहील, पाच-सात किलोमीटरचा फरक. बदलेल तो जमिनीवरचा हिशेब. हडपसर, सासवडच्या लोकांना सोयीचं, पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडीकरांना लांब. भूसंपादनाचा प्रश्न पारगाव, वनपुरी, कुंभारवळण या गावांत बरीच वर्षं धुमसतो आहे, तेव्हा पुढच्या दिवाळीचं तिकीट लोहगावचंच काढा.

याच हिशेबाने पुण्याहून इतर जवळचे विमानतळ किती लांब आहेत?

सरळ रेषेत नाशिकचं ओझर सुमारे १७०, कोल्हापूरचं उजळाईवाडी २१५ ते २२०, सिंधुदुर्गचं चिपी २९० आणि गोव्याचं मोपा ३१५ किलोमीटर. मगाचा ठोकताळा लावून बघा. ओझरला पाऊण तासाच्या थोडं कमीच येईल आणि त्यासाठी जमिनीवर तीन तास. कोल्हापूरची एसटी तोवर साताऱ्याच्या पुढे गेलेली असते. तीनशेच्या आसपासपर्यंत विमान फक्त घाट टाळण्यासाठी, म्हणून चिपी आणि मोपाला काही अर्थ आहे. चारशे-पाचशेच्या पुढे विमानाचा फायदा स्पष्ट दिसू लागतो आणि नागपूर त्यात आरामात बसतं.

परतताना संत्री आणता येतात का?

येतात, हातातल्या पिशवीतसुद्धा. वजन तेवढं सांभाळा. हातातल्या सामानाला सहसा सात किलो आणि खालच्या बॅगेला पंधरा किलोची मर्यादा असते. आईने दिलेलं तेलाचं लोणचं खालच्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. हातात ठेवलंत तर सुरक्षा तपासणीत ते तिथेच राहील.